साठ टक्क्यांचा वॉचमन

(वस्तीतल्या अभ्यासिकेत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत टोळीवर आहे, कविता करतो. कॉम्प्युटरवर मी काय डोंबल बोलणार? मी बोलतोय त्या दारावरच्या वॉचमनवर. त्याचं नाव ‘सिक्स्टी थ्रूआउट’. दहावीला ६० टक्के, बारावीला ६०, इंजिनिअरिंगला ६०. एका ठिकाणी घसरलात की बाद. नवी पोरं प्रोग्रामर म्हणून घेणाऱ्या कितीतरी कंपन्यांची अट हीच.

माझ्या धाकट्या भावाला दहावीला ५४. त्या वर्षी बाप अंथरुणाला खिळलेला. खोली दहा बाय दहाची. मी रात्रपाळी करून दिवसा झोपायचो, म्हणून हा जिन्यात बसून अभ्यास करायचा. पुढं इंजिनिअरिंगला ७१ काढले. आमच्या टोळीच्या हजेरीचा हिशेब त्यानंच लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतो. तिघांचा बुडालेला ओव्हरटाइम त्यातनंच सापडला. कॉलेजात कंपनी आली. फॉर्मच्या खान्यात ५४ टाकले, स्क्रीनवर लाल अक्षरं आली. टेस्टला बसूसुद्धा दिलं नाही.

म्हणजे एकवीस वर्षांच्या पोराला विचारतात, पंधराव्या वर्षी तुझ्या घरात टेबल होतं का? आणि याला साले गुणवत्ता म्हणतात.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ मार्क. करा हिशेब, ३८ टक्केसुद्धा भरत नाहीत. अभ्यास परळच्या चाळीतल्या एका खोलीत. पुढं कोलंबिया, पुढं लंडन. हा वॉचमन त्यांना फाटकातच अडवता.

आमच्याकडं नवा गडी आला की मुकादम मार्क विचारत नाही. म्हणतो, कॉइलला स्लिंग लाव. लावता आलं तर आलं. प्रोग्रामचंही तेच, चालतो नाहीतर चालत नाही.

गुगलची नोकरभरती बघणारा लॅझ्लो बॉक २०१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला म्हणाला, मार्कांचा कामाशी संबंध दिसला नाही. नुकत्याच कॉलेजातून आलेल्यांत तेवढा थोडासा दिसतो. हा ‘थोडासा’ आपले विरोधक धरून बसतील. बसू देत. थोडाशावर एवढी भिंत?

अर्ज लाखांनी येतात, चाळणी नको का, असं विचारतील. हवी ना! प्रोग्राम लिहायची टेस्ट त्यांच्याकडं आहेच. मशीन तपासतं, मशीनला आडनाव कळत नाही. मग आधी टेस्ट घ्या, मार्कशीट मागनं बघा. खासगी कंपनीत आरक्षण नाही, आपल्या पोरांना हे एकच दार आहे, आणि त्यावरच पहारा.

भाऊ परवा म्हणाला, “दादा, ५४ चे ६४ करू का? एक आकडा तर बदलायचाय.” मी नको म्हटलं. जॉइनिंगला ओरिजनल मागतात, चोर म्हणून हाकलतील. पण नको म्हणताना माझी जीभ जड झाली, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

आज दुसऱ्या कंपनीचा फॉर्म आलाय. अट तीच. मुदत रात्री बारापर्यंत. मी इथं बोलतोय, तो खोलीवर एकटा बसलाय.