जाण्याआधी कागद घ्या
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



आमची मुलगी डिग्रीच्या तिसऱ्या वर्षी एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघाली, तेव्हा निरोपाला अख्खी बी विंग खाली उतरली होती. परत आल्यावर कळलं, तिथल्या एका विषयाचे क्रेडिट इथे धरलेच नाहीत. तो पेपर तिला पुन्हा द्यावा लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचं शिक्षण अर्धवट सोडावं लागलं. पण चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

मुलांनो, जरूर जा. पण तिथले कोणते विषय इथे धरणार, हे कॉलेजकडून आधी लेखी घ्या. व्हिसाइतकाच तो कागदही महत्त्वाचा आहे.