धुराचा बाजार आणि धुरावरील पहारा

(कल्याण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर ‘उत्सर्जन-व्यापार’ हे शब्द पाहून आपल्यापैकी काहींनी नाके मुरडली, असे माझ्या कानावर आले आहे. पाणी विकून झाले, जमिनी विकून झाल्या, आता उरलीसुरली हवाही बाजारात मांडावयाची आणि तिला पर्यावरण-रक्षण म्हणावयाचे, यावर समाजवादी कार्यकर्त्याने माना डोलवाव्यात काय, असा हा आक्षेप आहे. आक्षेप पोकळ नाही. मीही बरीच वर्षे तो उराशी बाळगून होतो. आज तो पुरता सोडला आहे असे नव्हे. पण आपण भलत्याच ठिकाणी तो रोखून धरला आहे, असे मला वाटू लागले आहे. त्याची कारणे आपल्यापुढे मांडावयाची आहेत.

धूर ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. ठाकुर्लीच्या चोळे वीजघरात १९२९ पासून रेल्वेच्या विजेसाठी कोळसा जळत असे. ते वीजघर बंद पडून कित्येक वर्षे लोटली. पण तोवर डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रसायनांचे, कापडाचे, रंगांचे कारखाने उभे राहिले होते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तीत डोंबिवलीला ७८.४१ गुण मिळाले. परीक्षेत हे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. २०१४ च्या जानेवारीत तेथे हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला आणि खुद्द मुख्यमंत्री तो पाहावयास आले. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी झालेले स्फोट तर आपण कानांनी ऐकले आहेत. २०२२ साली १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेकडे हलविण्याची घोषणा झाली. पाताळगंगेच्या काठी माणसे राहत नाहीत काय, हा प्रश्न आपल्या सभांत फारसा विचारला गेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता हा व्यापार म्हणजे काय ते पाहू. एखाद्या प्रदेशातील सर्व चिमण्यांनी मिळून ठराविक मुदतीत किती धूळ अथवा किती गंधक-वायू सोडावा, याची एकूण मर्यादा सरकारने ठरवावयाची आणि तेवढ्याच वजनाचे परवाने काढावयाचे. ज्याला थोड्या खर्चात धूर कमी करता येतो तो मर्यादेहूनही कमी करील आणि उरलेले परवाने विकील. ज्याचा बॉयलर जुना आहे, सुधारणा महाग आहे, तो ते विकत घेईल. कोणी किती सोडावे हे बाजार ठरवील. पण एकंदर किती सुटावे हे बाजार ठरविणार नाही. तो आकडा समाजाने, म्हणजे कायद्याने, ठरवावयाचा आहे आणि तो वरचेवर खाली आणावयाचा आहे. आपल्या आक्षेपकांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते. या योजनेत बाजार हा मजूर आहे. मालक आहे ती मर्यादा.

अमेरिकेने १९९० च्या कायद्याने औष्णिक वीजकेंद्रांच्या गंधक-वायूवर ही पद्धत लागू केली. पहिल्या टप्प्यात, १९९५ पासून, सर्वांत घाणेरडी ११० केंद्रे तीत आली. १९८० च्या मानाने वर्षाला एक कोटी टन वायू कमी करावयाचा, हे उद्दिष्ट होते व ते गाठले गेले. मात्र ते निव्वळ खरेदी-विक्रीने साधले नाही. प्रत्येक चिमणीत तासातासाची नोंद करणारे यंत्र बसविले गेले, त्या नोंदी लोकांना खुल्या झाल्या, आणि परवान्यापेक्षा जास्त सोडलेल्या प्रत्येक टनामागे २,००० डॉलरचा दंड महागाईच्या प्रमाणात वाढत जाईल असा आपोआप लागू केला गेला. तेथे कज्जे नव्हते, तारखा नव्हत्या, साहेबांची मर्जीही नव्हती.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०११ साली गुजरात, महाराष्ट्र आणि तामिळनाडू ही तीन राज्ये प्रयोगासाठी निवडली. प्रत्यक्षात पहिली सुरुवात झाली ती २०१९ साली सुरतेत. कोळसा जाळणाऱ्या तीनशेच्या वर कारखान्यांत, बहुतेक कापडप्रक्रियेच्या, चिमणीतील धूळ मोजणारी यंत्रे बसविण्यात आली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांतील निम्मे कारखाने बाजारात घेतले, निम्मे जुन्याच कायद्याखाली ठेवले. बाजारातल्या कारखान्यांची धूळ दुसऱ्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली. त्यांनी सोडलेल्या धुळीपैकी ९९ टक्क्यांसाठी परवाने भरले गेले, आणि जुन्या कायद्याखालच्या कारखान्यांपैकी किमान एक तृतीयांश मर्यादा मोडीतच राहिले. यंत्रे दोन्हीकडे होती, हे विसरू नका. म्हणजे नुसते यंत्र लावून भागत नाही. यंत्राने दाखविलेल्या प्रत्येक किलोमागे कोणाच्या तरी खिशातून पैसा जावा लागतो. मग ‘मंडळाचे लोक आले की बॉयलर हळू चालवा’ ही युक्ती उपयोगी पडत नाही, कारण रात्री दोन वाजताचा धूरही वहीत चढलेला असतो. रात्रीच्या धुराविषयी आपल्या भागातल्या तक्रारी मी येथे नव्याने सांगावयास नको.

याच गुजरातेतील आणखी एक प्रयोग मला सुरतेच्या बाजाराइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा वाटतो. कारखान्याच्या प्रदूषणाची तपासणी खासगी तपासनीसांकडून करून घेण्याची तेथे पद्धत आहे. त्या काळी तपासनीस कारखानदाराने निवडावयाचा आणि त्याची फीही कारखानदारानेच द्यावयाची, अशी रीत होती. मग अहवाल कसे येणार? पास, पास आणि पास. २००९ ते २०११ या काळात संशोधकांनी काही कारखान्यांत ही व्यवस्था बदलली. तपासनीस चिठ्ठीने ठरला, फी एका सामाईक निधीतून दिली गेली आणि त्याच्या काही तपासण्या मागाहून दुसऱ्याकडून पडताळण्यात आल्या. तेच तपासनीस खरे लिहू लागले, आणि आश्चर्य असे की कारखान्यांचा धूरही कमी झाला. माणसे बदलली नाहीत, त्यांचा पगार कोणाच्या हातून येतो ते बदलले. राखणदाराचा पगार चोराने द्यावयाचा ही व्यवस्था कोणत्याही गावाने मान्य केली नसती. औद्योगिक वसाहतींत मात्र ती शास्त्रीय पद्धत म्हणून चालते. २०१४ च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंडळाने सतरा प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी यंत्रे बसविण्याचा आदेश दिला. पण ते यंत्र विकत घेणारा, ते राखणारा आणि ते जुळवून घेण्यासाठी माणूस बोलावणारा कारखानदारच आहे. बाजार आणा अथवा आणू नका, ही गाठ आधी सोडवावी लागेल.

येथवर ऐकून मी बाजाराचा वकील झालो असे कोणाला वाटेल, म्हणून डहाणूची हकीकत सांगतो. पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ साली. त्यापूर्वी डहाणू आपल्याच ठाणे जिल्ह्यातले. चिकूच्या बागा, वारली पाडे आणि मच्छीमारांची वस्ती असलेल्या या तालुक्यात मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविण्यासाठी ५०० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र आले. दिवे अंधेरी-बोरिवलीला आणि राख डहाणूला, असा तो हिशेब होता. लोक न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला मान्यता दिली. पण धुरातील गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसविण्याची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याविना सैल करू नये, असे बजावले. त्याच वर्षी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. केंद्र १९९५ साली सुरू झाले. यंत्रणा नव्हतीच.

१९९६ च्या अखेरीस न्यायालयाच्या आदेशाने डहाणूसाठी एक प्राधिकरण नेमण्यात आले आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. दादा धर्माधिकारींचे हे चिरंजीव. त्यांनी १९९९ साली यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. कंपनीने गरज नाही, खर्च फार, कोळशात गंधक कमी अशी सगळी ठरलेली उत्तरे दिली. मध्यंतरी कंपनीची मालकी बदलली, उत्तरे बदलली नाहीत. शेवटी २००५ साली प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी भरा असे सांगितले. त्यानंतर काम हलले आणि २००७ साली यंत्रणा सुरू झाली. बारा वर्षे डहाणूकरांनी तो धूर घेतला.

आता कल्पना करा की त्या काळी बाजार असता. कंपनीने दूरच्या एखाद्या केंद्राकडून परवाने विकत घेतले असते, एकूण आकडा जुळला असता, आणि डहाणूच्या झाडावरचा चिकू व पाड्यावरचे मूल जेथल्या तेथे राहिले असते. जो धूर जेथे सुटतो तेथेच बसतो, त्याचा हिशेब शंभर कोसांवरच्या चिमणीशी मांडता येत नाही. म्हणून वीजकेंद्राच्या मोठ्या चिमणीला प्रथम तिची स्वतःची मर्यादा हवी, व्यापार झालाच तर त्या मर्यादेच्या खाली. आणि डोंबिवलीत ज्या विषारी वायूंनी डोळे चुरचुरतात त्यांचा व्यापार कोणत्याही अटीवर नको. कोळसा व तत्सम इंधन जाळणाऱ्या लहान बॉयलरांची धूळ, तीही एकाच हवेत श्वास घेणाऱ्या वस्तीच्या परिघात, एवढ्यापुरती ही पद्धत आपल्याकडे करून पाहण्याजोगी आहे, असे माझे मत आहे.

पण मर्यादाच उचलून घेतली तर? ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने कोळशाच्या वीजकेंद्रांसाठी गंधक-वायूचे कडक निकष जाहीर केले. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढली, पुन्हा वाढली, आणि ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील सुमारे ७८ टक्के केंद्रांना ही यंत्रणा बसविण्यापासून सरळ सूटच मिळाली. डहाणूच्या कंपनीने १९९९ साली जी उत्तरे दिली त्यांतील कित्येक आता सरकारी कागदावर आली आहेत. २०२३ साली अधिसूचित झालेल्या कार्बन-बाजाराची गोष्टही ध्यानात घ्या. तेथे मर्यादा एकूण उत्सर्जनावर नाही, मालाच्या दर टनामागे आहे. माल वाढला की धूरही वाढू शकतो. हवेचा व्यापार होतो म्हणून आपण रागावतो. मर्यादेवाचूनचा व्यापार आणि मर्यादेवाचूनचा धूर चालला आहे, तिकडे मात्र आपला एक मोर्चा गेला नाही.

व्यक्तीवर विसंबून काय होते तेही डहाणूच शिकविते. १९९८ साली ज्या प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला, त्याच प्राधिकरणाने, धर्माधिकारी गेल्यानंतर, ३१ जुलै २०२३ रोजी त्याच बंदराला परवानगी दिली. कायदा तोच, तालुका तोच. म्हणून राखण कोणाच्या हाती, याचा बंदोबस्त कायद्यात लिहिलेला हवा आणि त्यावर लोकांचा डोळा हवा.

कारखान्यातील कामगारांचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. ‘धूर बंद म्हणजे भट्टी बंद, भट्टी बंद म्हणजे पगार बंद’ हे मालकाचे वाक्य आपल्या युनियनमधील साथीही म्हणतात. सुरतेत धूळ कमी झाली ती भट्ट्या विझवून नव्हे, चिमणीवरची यंत्रे नीट चालवून. पहिला धूर कामगाराच्याच छातीत जातो, आणि गाळण्याचे यंत्र कधी चालू असते व कधी बंद, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. तपासनीसांच्या फीसाठी सामाईक निधी, चिमणीचा आकडा कारखान्याच्या फाटकावर मराठीत, आणि तो तपासण्याच्या समितीत कामगारांचा प्रतिनिधी, या तीन मागण्या युनियनच्या मागणीपत्रकात जाऊ शकतात. महाराष्ट्र मंडळाने ५ जून २०१७ पासून कारखान्यांच्या चिमण्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली आहे. आपल्या शाखांपैकी किती जणांनी आपल्या भागातील कारखान्यांचे तारे पाहिले आहेत? मी विचारले तेव्हा एकही हात वर आला नाही. पुढील बैठकीला येताना प्रत्येक शाखेने निदान दहा कारखान्यांची नावे, त्यांचे तारे आणि रात्री त्यांच्या फाटकाशी उभे राहून दिसलेला धूर, असे तीन रकाने भरून आणावेत.