तोंडी नकार घेऊन परतू नका



जळगाव असो की धुळे, मोहल्ल्यातला दिव्यांग भाऊ तहसीलमधून तोंडी 'नाही' ऐकून घरी येतो आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तिथेच संपतो. नकार लेखी मागा. कारण कागदावर असेल तरच त्याला उत्तर देता येतं. प्रमाणपत्रातली टक्केवारी चुकीची वाटली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं.

वकिलाच्या फीची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार दिव्यांगाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० लावा.

तुम्ही शिकलेले आहात. या जुम्यानंतर एका घरी जाऊन कागद वाचून द्या.