माळावर वसलेलं, पडद्यावरचं गाव



गाव वसायला काय लागतं? जमीन लागते, पाणी लागतं, एकमेकांची गरज असलेली चार माणसं लागतात. पण जमीन नाही आणि पाणीही नाही, अशा जागी वसलेल्या काही गावांची हकिगत आज सांगणार आहे. ही गावं संगणकाच्या पडद्यावर होती.

२००३ सालच्या जून महिन्यात अमेरिकेत ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ नावाचा खेळ निघाला. दरमहा वर्गणी भरायची आणि घरबसल्या हजारो लोकांबरोबर एकाच काल्पनिक जगात वावरायचं, अशी त्याची तऱ्हा. त्याच वर्षी नोव्हेंबरात खेळाडूंना आपली गावं वसवण्याची मुभा मिळाली.

मग काय! एकानं माळावर नगरभवन उभारावं, इतरांनी भोवती घरं बांधून गावकरी म्हणून नावं नोंदवावीत. नगराध्यक्ष मतदानानं निवडायचा, तोही दर तीन आठवड्यांनी. गावकरी वाढले की गाव पायरी चढे: आधी ठाणं, मग खेडं, कसबा, शहर आणि शेवटी महानगर. अध्यक्ष कर बसवी, त्यातून गावाची डागडुजी चाले. खर्च थकला तर इमारती मोडकळीस येत; माणसं घटली तर गाव पायरी उतरे.

माणसं एकमेकांना धरून होती, त्याचंही कारण आहे. आपल्याकडच्या बलुतेदारांसारखेच तिथंही धंदे वाटलेले होते. कपडे शिंप्याकडून, हत्यारं कारागिराकडून घ्यायची. जखम वैद्यानं बरी करायची. लढवय्याच्या मनाचा शीण तर नाचगाणं करणाऱ्यांखेरीज जात नसे!

पुढं २००५ च्या नोव्हेंबरात कंपनीनं खेळाचे नियमच पालटले. ३४ धंद्यांचे ९ केले. ज्यांचा धंदा गेला, ते रागावून निघून गेले. गावं ओस पडू लागली. तरी काही लोक चिकाटीनं दिवा लावून बसले होते. अखेर १५ डिसेंबर २०११ रोजी कंपनीनं तो खेळच बंद केला आणि उरलीसुरली गावं एका दिवसात नाहीशी झाली. हौशी मंडळींनी तो खेळ स्वतः पुन्हा उभा केला खरा. पण तिथं सगळ्यांना कोऱ्या माळावरूनच सुरुवात करावी लागली.

गाव गावकऱ्यांचं होतं, पण माळ कंपनीचा होता, हे मर्म इथं आहे. घर बांधलं, घरपट्टी भरली, मतदान केलं. सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर!

गुरुजनहो, आज आपली मुलंही फोनवर अशी गावं रचतात. त्यांना नुसतं रागावू नका. त्यांचं गाव बघा, कसं वसवलं ते विचारा, आणि त्याची हकिगत वहीत लिहून काढायला सांगा. माळ दुसऱ्याचा असला, तरी ती वही मुलांची स्वतःची राहील.