बेल्ट अंगात, हूक मोकळा

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद (नॅशनल सेफ्टी कौन्सिल) स्थापन झाली. त्यानिमित्ताने आज बांधकामावरच्या सेफ्टी बेल्टविषयी बोलणार आहे.

उंच परांचीवर काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या अंगात बेल्ट असतो, पण हूक नुसताच लोंबत असतो. मजूर बेफिकीर आहेत, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण जवळ जाऊन पाहा. हूक अडकवायला भक्कम लाइफलाइन, म्हणजे आधाराची दोरी, बांधलेलीच नसते. बेल्टला दोरी एकच. पुढे सरकायचं तर हूक काढायचा, पुन्हा लावायचा. मधल्या वेळात माणसाला आधार कशाचाच नाही. त्यात काम उक्तं. जेवढं प्लास्टर, तेवढे पैसे. हूक लावण्यात गेलेल्या वेळाची किंमत मजूरच मोजतो.

हेल्मेटचंही तसंच. चुंबळीवर घमेलं वाहणाऱ्या बाईने हेल्मेट घालायचं कसं? साडीवर बेल्ट आवळायचा कसा? खरेदीआधी हे तिला विचारायला हवं होतं.

साधन कामाच्या आड आलं की माणूस ते बाजूला सारतो, हा अनुभव जुना आहे. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी कोळसा खाणींसाठी सुरक्षित दिवा तयार केला. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी होती, म्हणून खाणीतला ज्वालाग्राही वायू पेट घेत नसे. पण जाळीमुळे उजेड मंद पडे, आणि मजुरी तर कोळसा किती काढला त्यावर. उजेडासाठी काही कामगार दिवा उघडत. मग दिव्यांना कुलपं आली. उजेड वाढवायला मात्र दिवाच सुधारावा लागला, जाळीच्या खालच्या भागात काच बसवावी लागली.

बिल्डर, ठेकेदार आणि इंजिनिअर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. साधनं पुरवणं ही कायद्याने तुमची जबाबदारी आहेच. पण दोन दोऱ्यांचे बेल्ट घ्या, म्हणजे एक हूक सोडताना दुसरा अडकलेला राहील. काम सुरू होण्याआधी लाइफलाइन बांधा. उक्त्या कामाचा दर ठरवताना हूक लावण्याचा वेळ धरा. नवं साधन आधी चार मजुरांना वापरू द्या, त्यांची तक्रार ऐका आणि मगच सगळ्यांसाठी मागवा. वर चढताना मुकादमाने स्वतःचा हूक आधी लावावा. एवढं केल्यावरच मजुराला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळतो.