ताटातला हट्ट

बायांनो, आज आम्ही कारभाऱ्यांच्या ताटाविषयी चार शब्द सांगणार आहोत. कारभारीही ऐकत असतील, तर फारच चांगलं!

आपलं तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. दिवाळीआधी दिवस दिवस बसून काम चालतं. अंग हलत नाही, पण भूक लागते. त्यात एखादा म्हणतो, "मेथी नको, दोडका नको. बटाटे तळून दे." मग पोट सुटतं. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर गेला, की मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका वाढतो. शिंप्याच्या टेपनं मोजून पाहा.

मात्र टोमणे मारू नका. टोमणा ऐकला, की गडी रागानं हॉटेलात जाऊन भजी खातो. आपण युक्ती करावी. मेथी बारीक चिरून धपाट्यात घालावी. दोडक्याच्या शिरांची चटणी करावी. तेल बाटलीतून ओतू नये, चमच्यानं मोजावं. ताटात ज्वारीची भाकरी असावी. २०२३ साली साऱ्या जगानं भरडधान्यांचं वर्ष पाळलं. आपली ज्वारी त्यातलीच. पण भाकरीही बेतानंच खावी.

एका वेळी एकच बदल करा. कारभाऱ्यांचं ताट वेगळं नको. साऱ्या घरानं तेच खावं. जेवणानंतर दोघांनी मिळून चालावं. महिन्याला किलो-दोन किलो वजन उतरलं, तरी पुष्कळ झालं. मधुमेहाचं औषध चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हट्ट एका दिवसात जडत नाही, आणि एका दिवसात सुटतही नाही. धीर धरा.