कमरेचा खर्चही वहीत मांडा
(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)



एरवी मी तुमच्याशी बियाणं, खत, कीड-रोग यांवर बोलतो. आज कंबरदुखीवर बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. पण पिकाचा जमाखर्च शेतकऱ्याबरोबर बसून मांडणं हे माझं काम आहे, आणि त्यात एक खर्च हमखास सुटतो, म्हणून हा विषय घेतला.

माझ्या भागात एक काका आहेत. पन्नाशीचे, कष्टाळू, तीन एकर सोयाबीन. गेल्या खरिपाचा हिशेब मांडायला बसलो. बी, खत, औषध, मळणी सगळं वहीत होतं. तरी पैसा गेला कुठं, ते उमगेना. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "आवो, त्यांच्या कमरेचं लिवा की!"

लिहायला घेतलं. कंबर धरल्यामुळं स्वतःच्या कामावर 18 दिवस गडी लावला. तालुक्याला 7 खेपा झाल्या. दर खेपेला एस.टी.चं भाडं आणि बुडालेला दिवस. सुई, गोळ्या, मालिशवाला, पट्टा. कोळपणी लांबली, तण माजलं, ते नुकसान वेगळंच. तुमच्या गावच्या रोजानं नुसते ते 18 दिवस गुणून पाहा. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतो. ती मजुरी करताना झिजलेली कंबर मात्र कुणाच्याच हिशेबात येत नाही.

हे झालं पैशाचं. काकांना चार वर्षं सलग झोप नाही. वरून माणूस धडधाकट दिसतो, म्हणून भावकी आळशी म्हणते. नातवाला उचलून घेता येत नाही, त्याचाच राग नातवावर निघतो. आणि काकूंचीही कंबर दुखते, हे मला कितव्या तरी भेटीत कळलं. दिवसभर उकिडवं बसून खुरपण, वर घरचं पाणी. त्यांनी सांगितलं नाही, आणि खरं म्हणजे मीही विचारलं नव्हतं.

आता गोळ्यांबद्दल. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी चार दिवस घेणं निराळं आणि महिनोन्‌महिने रोज घेणं निराळं. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी पोटात जखम होते, मूत्रपिंड बिघडतं, रक्तदाब वाढतो. काही ठिकाणी "जादूची पुडी" मिळते. एका दिवसात आराम पडला तर तीत स्टिरॉइड असल्याचा संशय घ्या. त्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मात्र बरेच दिवस घेत असाल तर ती एकदम तोडू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं की ते जुनाट समजतात. मग नुसतं अंथरूण धरून उपयोग नाही. झेपेल तेवढं चालणं-फिरणं आणि शिकवलेला व्यायाम यांनी फरक पडतो. पायात मुंग्या येऊन बळ कमी होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, किंवा दुखण्याबरोबर ताप येऊन वजन घटत असेल, तर घरी थांबू नका. ताबा सुटला तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. मणक्याचा क्षयसुद्धा कंबरदुखीसारखाच सुरू होतो, आणि क्षयावर सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे.

अवजारांकडेही बघा. 16 लिटरचा पंप भरला की 20 किलोच्या आसपास जातो. तो जमिनीवरून उचलून पाठीवर घेऊ नका; बांधावर किंवा बैलगाडीच्या कडेला ठेवून पट्टे अडकवा, दोन्ही पट्टे सारखे आवळा. अर्धा पंप भरून दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपं उभ्यानं चालतं, दांडा मात्र आपल्या उंचीला बेतून घ्या. डीएपीचं 50 किलोचं पोतं दोघांनी उचलावं. खुरपणीला बायकांनी तासा-दीड तासानं उठून पाठ सरळ करावी, आणि मुकादमानं त्यावर कुरकुर करू नये.

काकांनी यंदा सायकल कोळपं घेतलं. कंबर पुरती बरी नाही; पण सरकारी दवाखान्यात दाखवून व्यायाम चालू आहे, आणि गडी 18 ऐवजी 7 दिवस लागला. वहीत आता "कंबर" असा एक रकाना आहे. शेजारी काकूंचाही रकाना आखलाय. तो अजून कोराच आहे. पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर बसूनच भरायचं ठरलंय.